आपसूक पडलेली नाल

घोडी मालकांची होती, पण तिचे चारी पाय माझ्या गळ्यात होते. हे मी तेव्हाही म्हणायचे आणि आज, घोडी जाऊन जमाना झाला तरी, म्हणते. मालक सकाळी खोगिरावर बसून निघायचे आणि दिवस कलला की परत येऊन ओट्यावर टेकायचे. तिथून पुढं सगळं माझ्याकडं. खोगीर उतरवा, घाम पुसा, खरारा करा, पाणी दाखवा, भिजवलेले हरभरे तोबऱ्यात घालून तोंडाला बांधा, लीद काढा. हे सगळं उरकून कंबर मोडून आली की मग खाली वाकून तिचा एकेक पाय उचलायचा आणि खूर साफ करायचे. घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं. मालकांना वाकता यायचं नाही. आणि सासूबाई घोडीच्या जवळसुद्धा जायच्या नाहीत. लाथ मारील म्हणून लांबूनच पदर सावरून निघून जायच्या.

मालकांचा डावा पाय लहानपणीच्या तापात वाळला होता. शेतकऱ्याच्या घरी असा पोरगा म्हणजे करायचं काय? नांगर धरता येईना, मोटेवर उभं राहता येईना. म्हणून सासऱ्यांनी त्यांना वसमतला एका वैद्याच्या हाताखाली ठेवलं. तिथं ते झाडपाला शिकले, नाडी शिकले, आणि हाताला गुण होता म्हणा किंवा काय, पण आमच्या गावापासून हट्ट्यापर्यंतच्या खेड्यांतून त्यांना बोलावणी यायला लागली. पायी तर एवढं जाता येणार नव्हतं. सासऱ्यांनी जाता जाता एक केलं, एक काळी घोडी आणून दारात बांधली. तेव्हापासून मालकांना जे चालता येत होतं ते तिच्या पायांनी. घोडी दारात उभी असली की ते वैद्य होते. ती नसती तर ओट्यावर बसलेला लंगडा माणूस, एवढंच राहिलं असतं. हे घरात कुणी बोलून दाखवत नसे, पण तिघांनाही पक्कं माहीत होतं.

मला कुणी घोडी सांभाळायला शिकवलं असं नाही. माझ्या माहेरी बैल होते, घोडं मी लग्नातच काय ते पाहिलेलं. वसमतहून एक म्हातारे नालबंद यायचे, आम्ही सगळे त्यांना मामू म्हणायचो. नाल मारताना ते एकदा मला म्हणाले, "बाई, रोज हात लावत जा. चारी खुरांना. मग ज्या दिवशी एखादं वेगळं लागंल, त्या दिवशी आपोआप कळंल." एवढीच काय ती माझी शाळा. रोज हात लावत गेले. खूर गार लागलं पाहिजे. एकच गरम लागलं तर आत काहीतरी बिघडलंय. खुराच्या मधल्या मऊ भागाला वास आला तर चिखल बसून तो कुजायला लागलाय. आमची काळी जमीन, ओली असली की खुरात गच्च बसते आणि वाळली की विटेसारखी होते. ती खिळ्यासारख्या आकड्यानं उकरून काढायची. आणि नुसते खूर बघून भागत नाही. डोळ्यावरचा खळगा खोल गेलाय का, बरगड्या हाताला लागतात की डोळ्यांनाच दिसायला लागल्यात, लीद बांधून पडते की पातळ, उभी राहते तेव्हा चारी पायांवर सारखा भार देते का. हे सगळं रोज. कधी ताप असला तरी, कधी सण असला तरी. मालक पेशंट बघून आलेले असायचे आणि मी घोडी बघत असायची. एकदा मी वैतागून म्हणाले, "एवढे लोकांना बघता, हिला बी बघा की." तर हसून म्हणाले, "मला माणसाची नाडी कळते, हिची न्हाई. तूच बघ बाई." असल्या गोड बोलण्यानं काय कुणाची कंबर बरी होते? पण बघत राहिले.

पावसाळ्यात नाल नसायचीच. काळ्या चिखलात ती टिकत नाही, पायातून ओढून काढतो चिखल. दिवाळी झाली, वाटा वाळल्या, मुरमाचे खडे वर आले की मामू येऊन चारी पायांना नाल मारून जायचे. त्या वर्षी लांब कुठंतरी लढाई चालली होती आणि लोखंडाचा दुष्काळ पडला होता. मामूंनी जुनेच खिळे ठोकून सरळ करून आणले. म्हणाले, "नवीन मिळून न्हाई राहिले बाई, सांभाळून घ्या." मी तरी काय करणार होते?

आता यातली खरी तकलीफ सांगते. घोडी काळी होती. कानापासून शेपटीपर्यंत एक पांढरा केस नाही. आणि काळ्या घोडीची नाल म्हटलं की आमच्या भागात लोकांचे डोळे चमकतात. ज्याला साडेसाती लागली त्यानं त्या नालेच्या लोखंडाची अंगठी करून शनिवारी मधल्या बोटात घालायची, म्हणजे शनी नरम पडतो. बरं, कुठलीही नाल चालत नाही. नालबंदानं काढलेली चालत नाही. चालता चालता घोड्याच्या पायातून आपसूक पडलेली पाहिजे. मी पाय रोज बघणार, खिळा जरा हलला की मामूंना सांगावा धाडणार, मग नाल आपसूक पडणार कशी? शेजारीण तर दर शनिवारी कुंपणावरून मान काढायची. तिच्या भावाला साडेसाती होती.

"पडली का गं?"

"घोडीला इचार," मी म्हणायची.

"तू लईच घट्ट मारून घेतीस बाई. लोकांचं भलं व्हावं असं वाटतच न्हाई तुला."

"तुझ्या भावाला म्हणावं, पुढच्या जन्मी घोडा हो. लागंल तेवढी नाल मारून घे."

ती फणकारत जायची आणि पुढच्या शनिवारी परत मान काढायची. अशी आमची थट्टा चालायची, त्यात वाईट काही नव्हतं.

मग एक दिवस पंचांग सांगणारा आमच्याच ओट्यावर बसला आणि सासूबाईंना म्हणाला, तुमच्या लेकाला साडेसाती लागलीय, वाटेवर जपायला पाहिजे. झालं. सासूबाईंच्या जिवाला घोर लागला. त्यांना मूल ते एकच, आणि ते रोज वाटेवर. मालकांनी ऐकून सोडून दिलं. म्हणाले, शनीला दुसरं काम नाही का. पण सासूबाई माझ्या मागं लागल्या. सासूला आमच्याकडं आत्याबाई म्हणायचं.

"आत्याबाई," मी म्हणाले, "मामूंनी काढलेली जुनी नाल हाय की कोनाड्यात. घ्या तिचीच करून."

"ती न्हाई चालत. हातानं काढलेली म्हंजी नुसतं लोखंड. आपसूक पडाया पाहिजे."

"मग बसा वाट बघत."

त्या बसल्या वाट बघत. रोज सकाळी घोडी निघाली की लांबून तिच्या पायांकडं बघायच्या. मला हसू यायचं. माझ्या मनात दुसरं काही आलं नाही, यायचं कारणही नव्हतं.

ज्वारी कापणीला आली होती तेव्हाची गोष्ट. शनिवार होता. मालक सकाळीच हट्ट्याच्या अंगाला गेले होते, तिथं एका बाईचा ताप उतरत नव्हता. दुपार कलली तरी आले नाहीत. मी ओट्यावर जोंधळे निवडत होते आणि माझं अर्धं लक्ष वाटेकडं होतं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी मालक दिसले. पायी. एका हातात काठी, दुसऱ्या हातात लगाम, आणि मागं घोडी. दोघंही लंगडत होती. ते डाव्या पायानं आणि ती पुढच्या उजव्या पायानं. गल्लीतली पोरं आधी हसली आणि मग मालकांचं तोंड बघून गप झाली. घामानं अंगरखा चिकटला होता, ओठ पांढरे पडले होते. मी पळत जाऊन लगाम घेतला.

"ओढ्यापाशी नाल गेली," ते म्हणाले. "मऊ मातीत कळलंच न्हाई. मुरूम लागला तशी ती पाय टेकवेना. मग बसलो कसा राहू तिच्यावर?"

सासूबाई दारात आल्या, दोघांकडं बघितलं, तोंडाला पदर लावला आणि आत गेल्या.

मालकांना ओट्यावर बसवलं आणि मी घोडीजवळ बसले. खांदा चाचपला, गुडघा चाचपला, कुठं सूज नव्हती. खुराला हात लावला. गरम. बाकीची तीन गार आणि हे एक नुसतं पेटलेलं. पाय उचलला तर तिनं तो हिसकून घेतला. असं ती कधी करत नसे. तिला बोलून बोलून परत उचलला, माती पुसली, आणि नीट बघितलं. एक खिळा मोडून त्याचा तुकडा आतच राहिला होता आणि चालून चालून तो जिवंत मांसापर्यंत गेला होता. पण मला खरं दिसलं ते दुसरंच. नाल स्वतःहून निखळते तेव्हा खिळ्यांबरोबर खुराच्या कपच्या उडतात, सगळीकडून. इथं आतल्या अंगानं खूर फाटलं होतं, पण बाहेरच्या अंगाची भोकं साफ होती. खिळा ठोकल्यावर त्याचं टोक खुराच्या बाहेर येतं, ते वाकवून दाबून बसवलेलं असतं, त्याच्यावरच नाल धरून राहते. बाहेरची ती टोकं कुणीतरी सरळ केली होती. खुरावर लोखंडानं खरडल्याच्या रेघा ताज्या होत्या.

ही नाल पडली नव्हती, पाडली होती.

माझं डोकं फिरलं. मी शांत बाई नाही, कधीच नव्हते. गल्लीत उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. ज्यानं माझ्या घोडीचा पाय घेतला त्याला चालाया पाय राहू नयेत, म्हणाले. त्याच्या घरात कुणी उंबरा ओलांडू नये, म्हणाले. आणि बोलताना माझे डोळे शेजारणीच्या कुंपणाकडं होते. ती बाहेर आली, ऐकलं, तिचं तोंड एवढंसं झालं. "माझ्या भावाची आण, मी हात लावला न्हाई," म्हणाली आणि दार लावून घेतलं. माझा विश्वास बसला नाही. घरात आले तर सासूबाई चुलीपुढं बसलेल्या. भाकरी तव्यावर जळत होती. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मला वाटलं, लेकाचे हाल बघवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामू आले. त्यांनी वाकड्या सुरीनं खुराचा तळ तासला, तुकडा चिमट्यात धरून ओढला, आणि त्याच्यामागून काळा घाण पू आला. घोडी थरथर कापत होती. मामू बसल्या बसल्याच म्हणाले,

"आता बघा बाई, हे बराबर ध्यानात ठेवा. सकाळ-संध्याकाळ गरम पाण्यात पाय. मग कोंडा, कडूलिंबाचा पाला अन् हळद शिजवून बांधायची. पाय कोरड्या जागेवर. खूर अन् केस जिथं मिळतात ना, ती कड रोज दाबून बघा. तिथं फुगलं, तिथून पू आला, तर मग हिचं काही खरं न्हाई."

"आणि न्हाई आला तर?"

"तर मग नवीन खूर वरून खाली येईतो थांबायचं. बोटाचं नख येतं तसं. घाई केली की संपलं. दुसरा पाय बी बघत जा, सगळा भार त्याच्यावर पडून राहिला."

मालक ओट्यावरून ऐकत होते. म्हणाले, "माझं बी तसंच हाय मामू. वाळलेला पाय कधी दुखत न्हाई. चांगला दुखतो." मामू हसले. मला हसू आलं नाही.

ते दिवस मला आठवायलासुद्धा नको वाटतात. पाणी तापवा, कोंडा शिजवा, बांधा, सोडा, परत पाणी तापवा. माझ्या हातांना हळदीचा पिवळा रंग बसला तो निघेचना. घोडीनं खाणं सोडलं. हरभऱ्याचा तोबरा तसाच परत काढायची मी, आणि ओढ्याकाठचा हिरवा पाला हातानं तोंडात द्यायची. डोळ्यावरचे खळगे खोल गेले, बरगड्या दिसायला लागल्या. रोज उठलं की आधी ती कड दाबून बघायची. आणि इकडं मालक ओट्यावर. ज्यांना येता येत होतं ते औषधाला यायचे. ज्यांना येता येत नव्हतं त्यांचे सांगावे यायचे आणि हे मान खाली घालायचे. एकदा न राहवून काठी घेऊन निघालेच. गावाच्या शिवेपर्यंत गेले आणि लोकांनी बैलगाडीत घालून परत आणले. चांगला पाय सुजून खांबासारखा झाला होता. तेव्हापासून ते फारसे बोलेनासे झाले. हसणारा माणूस, औषधाची मुळी उगाळत बसायचा नुसता, औषध कुणाला द्यायचं नसलं तरी. मला त्यांची कीव यायची आणि रागही यायचा. कुणावर राग, ते माहीत नव्हतं म्हणून शेजारणीवर काढायची.

एक दिवस मी शेक द्यायला बसले तर सासूबाई येऊन समोर उकिडव्या बसल्या. म्हणाल्या, "पाय मी धरते. तू बांध."

"आत्याबाई, लाथ मारील."

"मारू दे."

त्यांनी घोडीचा पाय मांडीवर घेतला. मी बांधून होईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी परत आल्या, तिसऱ्या दिवशी परत. मला तेवढीच मदत झाली, मी कशाला विचारतेय? म्हटलं, म्हातारीला शेवटी दया आली.

मग एका सकाळी मालकांच्या हातावर पाणी घालताना मला त्यांच्या मधल्या बोटात अंगठी दिसली. काळी, ओबडधोबड, लोखंडाची.

"ही कुठली?"

"आईनं घातली मागल्या शनिवारी. आपसूक पडलेल्या नालेची हाय म्हणे." तोंड धुता धुता सांगितलं त्यांनी, आणि पंचा घेऊन गेले.

तांब्या माझ्या हातातच राहिला. मी तशीच गोठ्यात गेले. सासूबाई घोडीपुढं हिरवा पाला टाकत होत्या. मी काही बोलायच्या आधीच माझ्या तोंडाकडं बघून त्यांना कळलं. खाली बसल्या.

"तुमी पाडली नाल," मी म्हणाले.

"मी पाडली न्हाई गं. देवाशप्पथ पाडली न्हाई. तू पाण्याला गेल्यावर खुरप्याच्या टोकानं नुसते खिळे सैल केले. बाहेरून. हात लावाया लई भ्या वाटलं, पण ती गप उभी राहिली बिचारी. मग ती चालाया लागली अन् नाल पडली. आपसूकच पडली ती. मी मागं मागं गेले ओढ्यापर्यंत, तिथं सापडली."

त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ती नाल खरंच आपसूक पडली होती. हातानं काढली असती तर शनीला चालली नसती, म्हणून त्यांनी काढली नाही. एवढा नेम पाळून केलं होतं त्यांनी सगळं.

"अन् घोडी लंगडी झाल्यावर सुदिक अंगठी घातली त्यांना?"

"मग तर घालायाच पाहिजे होती! शनी पायाशी आला होता गं. माझ्या लेकरावर यायचं ते मुक्या जनावरावर गेलं." आणि मग पदरात तोंड घालून रडायला लागल्या. "तू गल्लीत दिलास तो शाप मला लागू दे. माझे पाय जाऊ देत. पण हिला उतार पडू दे. त्याला सांगू नको बाई. त्याला सांगू नको."

मला एवढा राग आला होता की भिंतीला टेकून उभी राहिले. ओरडायचं होतं. पण किती दिवसांची झोप नव्हती, हात भाजलेले होते, आणि समोर ही म्हातारी घोडीच्या पायाशी बसून रडत होती, जिला घोडीच्या सावलीचीसुद्धा भीती वाटायची. मी म्हणाले, "उठा. पाणी तापलंय." दयेनं नाही सोडलं मी त्यांना. मला भांडायचं त्राणच नव्हतं.

मालकांना सांगितलं नाही. शेजारणीला मात्र कोनाड्यातली जुनी नाल नेऊन दिली. ती म्हणाली, "ही तर काढलेली हाय." मी म्हणाले, "घे गुमान." तिनं घेतली, आणि पुढच्या शनिवारपासून परत कुंपणावरून मान काढायला लागली. बाकी ते गुपित माझ्याच पोटात राहिलं. मालक ओट्यावर बसून आईला म्हणायचे, "तू कशाला गोठ्यात बसतीस, कंबर दुखंल." त्या म्हणायच्या, "दुखू दे." मी मधून पाण्याची घागर घेऊन जायची आणि दात आवळून गप राहायची. आईची माया लेकाला दिसावी म्हणून मी गप, आणि लेकाचं मन मोडू नये म्हणून आई गप. या दोघांच्या मधी माझंच डोकं फुटायची वेळ आली होती.

पू वर चढला नाही. कड फुगली नाही. पाऊसकाळभर आम्ही तिला गोठ्यातल्या कोरड्या कोपऱ्यात उभी ठेवली, दारातसुद्धा चिखलात उतरू दिलं नाही. नवीन खूर वरून हळूहळू खाली येत होतं, फाटलेला भाग खाली सरकत होता. मी रोज बोट लावून बघायची, कालच्यापेक्षा पुढं आलंय का. कुठं रोज कळतंय? पण बघायची. तिनं तोबरा रिकामा करायला सुरुवात केली, डोळ्यावरचे खळगे भरले. दिवाळीनंतर एका सकाळी तिनं चारी पायांवर सारखा भार दिला आणि मी गोठ्यातच खाली बसले. मालकांना हाक मारली. ते काठी टेकत आले, बघितलं आणि घोडीच्या मानेला डोकं लावून उभे राहिले.

मामूंना सांगावा गेला. ते आले, खूर तासलं, कानशीनं घासलं, नाल बसवून बघितली. एवढ्या महिन्यांत आमची एक रीतच पडली होती, घोडीचा पाय सासूबाई धरायच्या. त्या दिवशीही त्यांनीच पाय मांडीवर घेतला. मालक ओट्यावर खोगिराचे पट्टे पुसत बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडावर रंग दिसत होता. मामूंनी पहिला खिळा ठोकला, दुसरा ठोकला.

तेवढ्यात मालक म्हणाले, "मामू, बाहेरची टोकं जरा बराबर दाबून बसवा. आमच्या आईच्या खुरप्याला सापडू नयेत अशी."

मामूंची हातोडी वरच राहिली. सासूबाईंनी घोडीचा पाय घट्ट धरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"हिनं सांगितलं?"

"हिनं न्हाई. कुणीच न्हाई सांगितलं." मालक पट्टा पुसतच होते. "त्या दिवशी ओढ्याचा चढ चढताना मी मागं वळून पाह्यलं. तू वाटेवर वाकून कायतरी शोधून राहिली होतीस. मला वाटलं, गवऱ्याला शेण येचत असंल. मग एका शनिवारी तू अंगठी आणलीस, अन् तुझ्या खुरप्याचं टोक वाकलेलं दिसलं."

"म्हंजी तवापासून ठावं हाय तुला?"

"व्हय."

"अन् तरी घातलीस? काहून घातलीस मग?"

"तू घालून राहिली होतीस म्हणून," मालक म्हणाले.

माझ्या हातात मामूंसाठी आणलेला पाण्याचा तांब्या होता. मला आधी संतापच आला. एवढे महिने मी दात आवळून काढले, जीभ चावली, हे माझ्या पोटात, ते त्यांच्या पोटात, आणि म्हातारी तर रोज शापाची वाट बघत घोडीचा पाय शेकत बसलेली. सगळ्यांना सगळं माहीत! एका शब्दानं कुणी बोललं असतं तर काय बिघडत होतं? पण मालकांच्या बोटातली ती काळी अंगठी पट्ट्यावरून मागंपुढं होत होती.

मामूंनी राहिलेले खिळे ठोकले, टोकं वाकवली, दाबली, कानस मारली. मग म्हणाले, "झालं अम्मा. सोडा आता."

सासूबाईंनी पाय सोडला नाही. दोन्ही हातांनी धरून, मान खाली घालून तशाच बसून राहिल्या. घोडीही गप उभी होती.

"अम्मा, झालं," मामू परत म्हणाले.

मी तांब्या खाली ठेवला. त्यांच्या शेजारी बसले, त्यांची बोटं एकेक करून सोडवली, आणि घोडीचा पाय माझ्या हातात घेऊन हळूच जमिनीवर टेकवला.